परत मागवण्यात येत आहे की…

दिलेली वस्तू परत मागणे हा आमच्या एरंडोलात गुन्हा नसला, तरी असभ्यपणा खासच मानतात. शेजारी गेलेली किसणी, नात्यात गेलेली छत्री आणि लग्नघरी गेलेले मोठे पातेले ही मंडळी एकदा घराबाहेर पडली, की मुली सासरी नांदतात तशी तिकडेच सुखाने नांदतात. फारच नड निघाली, तर आपणच आपली वस्तू 'जरा वापरायला मिळेल का हो?' असे म्हणून मागून आणायची आणि संध्याकाळच्या आत घासूनपुसून पोचती करायची, ही आमच्याकडची रीत. गावाची परंपराच तशी आहे. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे आम्ही मानत आलो आहोत. गावात पांडववाडा आहे आणि बाहेरगावच्या पाहुण्याला तो दाखवल्याशिवाय आम्ही चहासुद्धा पाजत नाही. या एकचक्रेतून बकासुराकडे गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस रवाना होत असे. त्यातले काहीही परत येत नसे, आणि भीम येईपर्यंत कुणी परत मागितल्याचाही दाखला नाही.

अशा गावात २००५ साली बातमी येऊन थडकली, की अमेरिकेतली एक कंपनी स्वतःच विकलेल्या मालाची काळजी करीत गिऱ्हाइकांचे पत्ते शोधते आहे.

त्याचे असे झाले. माझी एक मामेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलाकडे मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्सबॉक्स नावाचा खेळ होता. खेळ म्हणजे सोंगट्यांचा पट नव्हे. टीव्हीला जोडायचे, जुन्या व्हीसीआरएवढे एक काळे धूड. फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की या यंत्राची वीजजोडणीची वायर आम्ही बदलून देतो. आतला एखादा भाग क्वचित बिघडला तर आग लागण्याचा धोका होता आणि नव्या वायरीने तो आटोक्यात राहणार होता. अशा वायरी किती? तर १ कोटी ४१ लाख. आणि तक्रारी किती? तर ३०. त्यांतल्या सात जणांचे हात किरकोळ भाजले होते आणि तेवीस ठिकाणी धुराने किंवा आचेने सतरंजी, टीव्हीचे कपाट असे काहीबाही खराब झाले होते.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. भागायला जोगे दोन आकडे शेजारी दिसले, की माझा हात आपोआप चालू लागतो. एका तक्रारीमागे ४ लाख ७० हजार वायरी! आमच्या मामांना (म्हणजे त्याच बहिणीच्या तीर्थरूपांना) मी हा भागाकार सांगितला, तेव्हा ते पारोळ्याहून आमच्याकडे आलेले होते आणि चहाची वाट पाहत होते.

"तीस?" मामा म्हणाले, "अरे, तीस तक्रारी तर माझ्या एकट्याच्या होतात. त्याही चहा यायच्या आत!"

"पण मामा, कंपनी वायर फुकट देतेय."

'फुकट' या शब्दावर मामांचा विश्वास नाही. टपालखर्च कोणाचा, ही त्यांची पहिली शंका. तो कंपनीचा, हे कळल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. "जुन्या वायरीचं काय करणार म्हणावं? तांबं असतं आत," ही दुसरी शंका. शेवटी, कपबशी खाली ठेवता ठेवता, "ही कंपनी दोन वर्षांत बसते की नाही बघ," असे भविष्य त्यांनी वर्तवले. मामांची शेतीविषयक भविष्ये बहुधा खरी ठरतात. हे मात्र ठरले नाही.

नवी वायर हाती येईपर्यंत काय करायचे, तेही कंपनीने सांगितले होते. खेळून झाले की यंत्र बंद करून ठेवा! हे ऐकून आमच्या आईला हसू आवरेना. "एवढं सांगायला कंपनी कशाला पाहिजे?" ती म्हणाली. तिचे बरोबरच होते. हाच सल्ला ती आम्हांला लहानपणापासून देत आली होती, तोही पाठीत धपाटा घालून, आणि धपाट्याचा टपालखर्चही तिचाच होता.

पुढे असले प्रकार माझ्या कानावर येतच राहिले. २००५ सालीच सोनी कंपनीने प्लेस्टेशन २ चे काही अडॅप्टर फार तापतात म्हणून बदलून दिले. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीची पाळी आली. तिच्या वी नावाच्या खेळात रिमोट हातात धरून बॅटसारखा फिरवायचा असतो. तो मनगटाला अडकवायची दोरी कमकुवत निघाली. खेळाडू जोरात फटका मारी, दोरी तुटे आणि रिमोट सरळ टीव्हीच्या काचेवर जाई. कंपनीने ३२ लाख दोऱ्या बदलून जाड दोऱ्या दिल्या. नाडी मजबूत असावी, हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही; पण सांगावे लागले तर ते ३२ लाख लोकांना सांगायचे, ही गोष्ट मला मोठी वाटली.

२००७ च्या मे महिन्यात ती मामेबहीण सुट्टीला आली. अमेरिकेत तोवर एक्सबॉक्सची नवी आवृत्ती निघालेली होती, त्यामुळे जुने धूड तिने भाचरांसाठी बॅगेत घालून आणले. मे महिन्यातला आमचा खानदेश ज्याने पाहिला नाही, त्याला ऊन म्हणजे काय ते समजायचे नाही. दुपारी गावात माणूस तर सोडाच, सावलीसुद्धा बाहेर पडत नाही. अशा दिवसांत आमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा सदस्य म्हणजे लोखंडी कूलर, आणि त्याच्या खालोखाल मान असतो वायरमनचा. कूलरमध्ये पाणी, पाण्यात पंप, पंपात वीज आणि बाहेरून लोखंडी पत्रा! असे यंत्र घरात ठेवायचे आणि पोरे ओल्या पायांनी भोवती नाचवायची, म्हणजे अर्थिंग नीट हवेच. आमचा वायरमन दर उन्हाळ्यात येतो, टेस्टर लावतो, आणि तिसऱ्या पिनेचे महत्त्व आईला नव्याने सांगतो. तीन पिनांतली वरची पिन जाड आणि लांब असते, ती उगीच नव्हे. प्लग खोचताना ती सर्वांच्या आधी लागते आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटते. पत्र्यात वीज उतरली, तर तिने माणसातून न जाता जमिनीत जावे, म्हणून ही सोय. घरातल्या मोठ्या माणसासारखी ही पिन आहे. एरवी तिचे काही काम दिसत नाही, पण ती काढून टाकली की घर पोरके होते. आणि आपल्याकडे तर प्लगच नसला, तरी दोन उघडी टोके भोकांत घालून वर आगकाडी खोचायची पद्धत आहे!

त्या दिवशी वायरमन कूलरपाशी बसला होता आणि पोरांनी एक्सबॉक्स बाहेर काढला. त्याने हात पुसले, यंत्र उलटे केले आणि पाठीवरची बारीक अक्षरे वाचली. अमेरिकेतल्या घरात वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०.

"भाऊ, हे लावू नका," तो म्हणाला. "लावलं की एकच आवाज येईल, आणि तो खेळाचा नसेल."

मामा हजर होतेच. त्यांनी थोडा विचार करून विचारले, "दुप्पट वीज आहे ना? मग निम्मा वेळ चालू ठेवला तर?"

वायरमनने मामांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी बँकेत फक्त ऑडिटरच्या डोळ्यांत पाहिली आहे. यंत्र चालवायचे तर वीज निम्म्यावर आणणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा होता, आणि तो घेण्यापेक्षा पोरांना पद्मालयाच्या गणपतीला सहलीला नेणे स्वस्त पडले. यंत्र मामांनी पारोळ्याला नेऊन टीव्हीखाली उंचीसाठी ठेवले. ते काम त्याने पुढे अनेक वर्षे बिनतक्रार केले. कोट्यवधी डॉलरच्या कंपनीची सगळी काळजी, छापील पत्र, फुकट वायर, सारे एकीकडे. आणि पाठीवरची दोन ओळींची बारीक अक्षरे वाचणारा एक वायरमन एकीकडे.

बारीक अक्षरे वाचण्याची साथ लगेच त्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशात पसरली. नोकिया कंपनीने जाहीर केले, की बीएल-५सी या बॅटरीपैकी ४ कोटी ६० लाख नग चार्ज होताना तापू शकतात. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेले तेवढेच, बाकीचे ठीक. जगभर शंभराच्या आसपास घटना घडल्या होत्या. आता बीएल-५सी म्हणजे कोणती? तर टॉर्चवाल्या नोकिया ११०० मध्ये असते ती! म्हणजे शेतावर रात्री पाणी भरायला जाणाऱ्यापासून ते बँकेच्या शिपायापर्यंत सर्वांच्या खिशातली. शहरांत दुकानांपुढे गर्दी झाली. आमच्याकडे दुकान नव्हते, म्हणून लोक बँकेत आले.

बँकेत का, असे विचारू नका. नंबर वाचायचा असला की आमच्याकडे माणसे बँकेतच येतात. बॅटरीच्या पाठीवर सव्वीस अंक-अक्षरांची एक माळ असे आणि ती कंपनीला कळवली की आपली बॅटरी दोषी आहे की निर्दोष, ते समजे. काउंटरवर पासबुकाऐवजी उघडे फोन येऊ लागले. "साहेब, माझी फुटंल का हो?" असे विचारणाऱ्या एका बाबांना मी तिसऱ्यांदा सव्वीस आकडे वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "एवढा मोठा नंबर! माझ्या खात्याचासुद्धा एवढा नाही. म्हणजे बॅटरी कामाची असणार." आणि ते निर्धास्तपणे फोन खिशात टाकून गेले.

त्या काउंटरवर बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माल परत मागवायचा, तर तो कुठे आहे हे कोणाला तरी ठाऊक पाहिजे. कंपनीला ते नंबरावरून आणि पावतीवरून समजते. आमच्याकडची पावती बहुधा कच्ची असते आणि नंबर चिकटपट्टीखाली असतो. शिवाय वस्तू एका घरात राहतच नाही. ती नात्यानात्याने सरकत जाते. यावरून मला आमच्या टीव्ही गेमची हकीकत सांगणे भाग आहे.

१९९० नंतरच्या त्या वर्षांत टीव्हीला जोडायचे खेळ तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. पांढरट खोका, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात पाचच खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येत. आमच्या खोक्यावर कंपनीचे नावही होते, पण ते एका जगप्रसिद्ध नावातले एक अक्षर बदलून बनवलेले. पत्ता कुठेच नव्हता. त्याच्यासोबत एक काळा, चौकोनी, जड अडॅप्टर आला होता. २३० व्होल्टचे ९ व्होल्ट करणे हे त्याचे काम. आणि ते करताना तो इतका तापे, की थंडीत आमची मांजर त्याच्याशेजारी येऊन बसे.

आईचा नियम होता, की पंधरा मिनिटे खेळायचे आणि मग भिंतीवरचे बटन बंद करायचे. खोक्यावरचे बटन बंद करून तिचे समाधान होत नसे. आम्हांला तो जाच वाटे. पुढे वायरमनने मला समजावून सांगितले, की खोक्याचे बटन बंद केले तरी अडॅप्टरला वीज मिळतच राहते. त्यातले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे तापतच राहते. आणि स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये ते फार तापल्यावर वीज तोडणारी सोय नसते. आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते, की जी वस्तू कामाशिवाय गरम राहते ती घात करते. तिच्या मते हा नियम माणसांनाही लागू आहे.

मी दहावीला गेलो आणि टीव्ही गेम कासोद्याला मावसभावाकडे गेला. तिथून धरणगावला, तिथून चोपड्याला, तिथून अमळनेरला. प्रत्येक घरी त्याच्या वायरीवर चिकटपट्टीचा एक थर चढला. अमळनेरला एका रात्री पोरांनी खेळ थांबवला, पण भिंतीवरचे बटन चालूच ठेवले. अडॅप्टर गादीच्या कडेला पडलेला, त्यावर गोधडीचे टोक आलेले, आणि गोधडीत चार वर्षांची माझी मावसबहीण झोपलेली. मध्यरात्री कधीतरी लाईट गेले. सकाळी मावशीने गोधडी उचलली, तर तिला मुठीएवढे काळे भोक पडले होते आणि अडॅप्टर गुळाच्या ढेपेसारखा एका बाजूने ओघळून घट्ट झाला होता. पोरीच्या पायापासून ते भोक एक वीत अंतरावर होते.

लाईट गेल्याबद्दल देवापुढे साखर ठेवणारी माझी मावशी हीच. त्यानंतर मी कुणाकडून तसे ऐकलेले नाही.

आता तक्रार कुणाकडे करायची? खोक्यावर नाव होते ते खोटे, आणि विकणारा फेरीवाला यात्रेतून कधीच पुढे गेलेला. आणि खरे सांगायचे तर तक्रार करायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. हात भाजला तर आपण बर्नॉल लावतो, तक्रार लावत नाही. अमेरिकेत तीस भाजलेल्या-काळवंडलेल्या प्रकरणांचा आकडा होतो, कारण तीसही जण ते कुठेतरी लिहून देतात. आपल्याकडे तीस घरांत तीस गोधड्यांना ठिगळे लागतात आणि गोष्ट तिथेच शिवली जाते.

ही मात्र शिवली गेली नाही, याचे श्रेय आईला. तिच्या लक्षात एक गोष्ट आली, की चोपड्याच्या घरी असाच आणखी एक खोका होता. तोही त्याच यात्रेतला. आणि कासोद्याला जुळा अडॅप्टर रेडिओसाठी ठेवून घेतलेला होता. कोणती वस्तू कोणत्या साली कोणाकडे गेली, हे आईला जन्मतारखांसारखे पाठ असते. तिने पाच पोस्टकार्डे लिहिली. मजकूर सगळ्यांवर एकच होता. 'वि. वि. यात्रेतला तो काळा डबा कोणीही लावू नये. लावला असेल तर आत्ता काढावा. अमळनेरला पोरगी थोडक्यात वाचली. कोणाला दिला असल्यास त्यांना कळवावे व कळवल्याचे मला कळवावे.' पाचांपैकी पाच उत्तरे आली. मामा म्हणतात ते खरे असेल, की आईला उत्तर न पाठवण्याची कोणाची छाती नव्हती. पण शंभर टक्के माल चलनातून बाद झाला, एवढे खरे.

शंभर टक्के म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला विचारा. परत मागवण्याचे काम आम्हीही केले आहे आणि मोठ्या प्रमाणावर केले आहे. २०१४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या नोटा परत मागवायचे जाहीर केले. त्या ओळखायच्या कशा? तर पाठीवर छपाईचे साल नसेल, तर ती जुनी. पुन्हा बारीक अक्षरे! आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटांचे जे झाले, ते सांगायला नको. त्या दिवसांत काउंटरच्या या बाजूला बसून मी जी गर्दी पाहिली, ती पद्मालयाला अंगारकीलाही होत नाही. डब्यांतल्या, गाद्यांतल्या, देवघरातल्या, जात्याखालच्या, सगळ्या नोटा आल्या. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाप्रमाणे १५ लाख ४१ हजार कोटींपैकी १५ लाख ३१ हजार कोटी परत आले. म्हणजे ९९.३ टक्के!

यात मला एक नवल वाटते. ज्यात पैसे बुडणार, ती वस्तू माणूस रांगेत उभा राहून, उन्हात तापून, घोळक्यात चेंगरून परत करतो. ज्यात पोर भाजणार, ती वस्तू तो चिकटपट्टी गुंडाळून धाकट्या भावाला देतो. नोट बाद झाली की ती कागदाचा तुकडा होते, हे त्याला पक्के कळते. अडॅप्टर बाद झाला तरी तो चालतो, हीच खरी अडचण आहे. 'चालतंय ना?' हा आपल्याकडचा सर्वांत मोठा सुरक्षा-दाखला. चालत्या वस्तूला दोष देणे म्हणजे कमावत्या मुलाला नावे ठेवणे.

कायदे मात्र आता पुष्कळ झाले आहेत. सरकारने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा हुकूम काढला, तेव्हा पहिल्या यादीत पंधरा वस्तू होत्या आणि त्यांत टीव्ही, लॅपटॉप यांच्या जोडीने चक्क व्हिडिओ गेमही होता. ते वाचून मला गोधडीचे भोक आठवले आणि कुठल्यातरी अधिकाऱ्याच्याही घरी अमळनेरसारखी मावशी असावी, असे वाटून गेले. त्यामुळे आता अशा वस्तूच्या पाठीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षरापुढे नोंदणीचा नंबर असायला हवा. पुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. घातक माल परत मागवा आणि पैसे परत करा, असा हुकूम काढणारे एक प्राधिकरणच त्यातून निर्माण झाले. त्याने २०२२ साली प्रेशर कुकरचे प्रकरण हाती घेतले. मानकाप्रमाणे नसलेले २,२६५ कुकर विकले गेले होते. ते परत घ्या, पैसे द्या आणि वर लाख रुपये दंड भरा, असा आदेश अ‍ॅमेझॉनला झाला. आणखी एका कंपनीच्या बाबतीत तर कुकर होते फक्त ३९. एकोणचाळीस! हा आकडा वाचून मामांनाही पहिल्यांदाच काही सुचले नाही.

ऑनलाइन विकलेल्या मालाचे हे एक बरे असते, की पहिला गिऱ्हाईक कोण, ते विकणाऱ्याला ठाऊक असते. दुसरा कोण, तिसरा कोण, हे अजूनही फक्त आईलाच ठाऊक असते.

यंदा आमच्या चिरंजीवांनी नवे गेमचे यंत्र घेतले आणि जुने धरणगावच्या भाच्याला द्यायचे ठरले. पोस्टकार्डे लिहिण्याचे दिवस गेले. आमचा नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, पण त्यावर 'अडॅप्टर तापतो, सावध' असे लिहिले तर सत्तावीस जण हात जोडल्याचे चित्र पाठवतात आणि एक जण वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. म्हणून मी बँकेची पद्धत वापरली. धनादेश एकाने दुसऱ्याच्या नावे फिरवला, की तो पाठीवर सही करतो. कागद कितीही हात फिरला तरी कोणाकडून कोणाकडे आला ते पाठीवर दिसते. मी यंत्राच्या पाठीवर एक जाड चिठ्ठी डकवली. वर कंपनीचे नाव, मॉडेल, नंबर आणि खरेदीची तारीख. त्याखाली 'भिंतीवरचे बटन बंद करणे' हा आईचा नियम. आणि त्याखाली रकाने: कोणी दिले, कोणास दिले, तारीख, सही. पहिल्या ओळीत चिरंजीवांची सही घेतली आणि यंत्र रवाना केले.

सौ. म्हणाली, "खेळणं आहे की मुदत ठेव?"

दोन महिन्यांनी धरणगावहून बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्या त्या चिठ्ठीतले रकाने भरले रे. शेजारच्यांनी सुट्टीत नेलं होतं, मग नणंदेकडे गेलं, आता जाऊबाईंचा मुलगा मागतोय. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात मी. दुसरी चिठ्ठी पाठव."

मी उलट टपाली दोन पाठवल्या.